पिना मारलेली पानं

२ जुलै, नागपूर

बियाणे कंपनीवाले दरवर्षी माझ्या दुकानात डायरी देऊन जातात आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. या वेळी बायकोनं, ज्योत्सनानं, घाईघाईत औषधांच्या कागदांसोबत पिशवीत टाकली. बाकावर बसून पाठ मोडली, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही, ती देवाचं नाव घेत डोळे मिटून बसली आहे. म्हणून लिहितो.

आत रक्षाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चालू आहे. रक्षा म्हणजे आमची एकुलती एक लेक. भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजीचं एम.ए. करते, दुसरं वर्ष. बी.ए. झाल्यावर चार वर्षं खाजगी शाळेत शिकवलं, आता परत शिकायला लागली. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. शनिवारी म्हणाली, "बाबा, डोळ्यासमोर खालून काळं काही वर येऊन राहिलं." मी म्हटलं, "मोबाईल कमी पाहात जा." माझ्या अकलेची धाव तेवढीच. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं पाहिलं आणि सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटला आहे, आजच्या आज नागपूर गाठा.

संध्याकाळी: ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई रक्षापेक्षा फार मोठ्या नसतील. पडदा जागेवर बसवला म्हणाल्या, तो धरून राहावा म्हणून डोळ्यात तेल भरलं आहे. पाच-सहा महिन्यांनी तेल काढायचं. तेव्हा पडदा बसून राहिला तर नजर राहील, नाही तर नाही. डाव्या डोळ्यालाही लेझर मारलं, तो पण कमजोर आहे. तोवर वाचायचं नाही, लिहायचं नाही, आणि सध्या रात्रंदिवस पालथं झोपायचं.

रक्षानं पट्टीखालून पहिला प्रश्न केला, "नोव्हेंबरात परीक्षा आहे. वाचू केव्हा?"

बाई म्हणाल्या, "आधी डोळा."

पोरीनं तोंड भिंतीकडे केलं. मला ते पाहावलं नाही. मी म्हटलं, "तू नको वाचू. मी वाचून दाखवतो. परीक्षेले तू बसशीलच."

ज्योत्सना माझ्याकडे पाहातच राहिली. "तुमी? इंग्रजी?"

दहावीत इंग्रजीत काठावर पास झालो होतो, हे तिला माहीत आहे. तिच्याच भावासोबत शिकलो. पण बोलून तर गेलो.

७ जुलै, आसगाव

घरी आणलं. पालथं झोपायचं म्हणजे काय, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. उशीत नाक दबते. शेवटी केवळराम धावून आला. शेजारी आहे, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून शेती. त्यानं दोन खाटा जोडल्या, मध्ये वीतभर फट ठेवली, कडेला गोधडीच्या गुंडाळ्या केल्या. फटीत रक्षाचं तोंड. खाली जमिनीवर पाट टाकून मी. तिला माझे फक्त पाय दिसतात.

"बाबा, तुमची करंगळी सुजली हाये," पहिलं वाक्य हेच बोलली.

तर असा आमचा अभ्यास सुरू झाला. इंग्रजी साहित्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आहे. कोणता लेखक कधी झाला, त्याच्यामुळे पुढचे कसे लिहू लागले, असं सगळं. मी एकेक शब्द चाचपडत वाचतो. मी अडलो की वरून रक्षा पूर्ण करते. मला समजत काहीच नाही. पोस्टमन पत्र नेऊन देतो तसं, मजकूर तिचा, पायपीट माझी.

पहिल्या पानालाच अर्धा तास लागला. घशाला कोरड पडली. पण ती एकदाही चिडली नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, आवाज चांगला हाये तुमचा." पोरगी सव्वीस वर्षांची झाली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

११ जुलै

लेखकांची नावं माझ्यानं धड म्हणवत नाहीत, मग लिहिणं तर सोडाच. म्हणून मी आपली नावं ठेवली. आज जो झाला तो नाटकवाला. चारशे वर्षं झाली म्हणे, अजून त्याच्यावाचून त्या लोकांचं पान हलत नाही. पुस्तकात लिहिलं आहे की त्यानं बहुतेक नाटकांच्या कथा इकडून-तिकडून, दुसऱ्यांच्या घेतल्या. मी वाचायचं थांबवलं.

"मंग तं चोरच म्हना ना!"

तेवढ्यात केवळराम अंगणात आला. धानाची रोवणी चालू आहे आणि पावसानं त्याचे पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, वाफ्यातच सडले. शेताच्या दोन बांध्या रोवायच्या राहिल्या. आमचे उरले होते. मी म्हटलं, "ने ना बापा, इचारतं काय?" पऱ्हे कोणी विकत नाही आमच्याकडे. ज्याचे उरले त्यानं द्यायचे, ज्याला कमी पडले त्यानं न्यायचे. परत करायचा प्रश्नच नसतो.

तो गेल्यावर फटीतून आवाज आला. "बाबा, केवळरामकाकानं आपले पऱ्हे नेले. दिवाईले जे धान होईल ते कोनाचं?"

"कोनाचं म्हंजे? त्याचंच. त्याची बांधी, त्याचा चिखल, रोवनार बी तोच."

"मंग नाटकवाला चोर कसा?"

आता बोला! पालथी पडून पोरगी मला गप्प करते. मी म्हटलं, "हारलो बापा," आणि पुढे वाचायला लागलो. पुढचे कितीतरी लोक याच नाटकवाल्याच्या वाफ्यातून पऱ्हे घेऊन गेले, असं पुस्तकातही निघालं. म्हणजे पुस्तकात पऱ्हे नव्हते, पण अर्थ तोच होता.

१३ जुलै

आज एक काम केलं. बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. उद्याचा धडा आधी पाहून ठेवावा म्हटलं, म्हणजे अडखळणार नाही. कठीण शब्द मोबाईलमध्ये टाकून अर्थ पाहात होतो. नाटकवाल्यानंतरचा एक मोठा कवी. पहिल्याच परिच्छेदात एक शब्द आला. तो मला मोबाईलशिवायही येतो. कवी आंधळा झाला होता. अर्धं आयुष्य गेल्यावर दोन्ही डोळे गेले. पानापानावर तेच.

मी पुस्तक मिटून पाणी प्यालो.

घरी आम्ही हा शब्दच काढत नाही. ज्योत्सना तर "डोळा" पण म्हणत नाही, "तिचं ते" म्हणते. ज्याच्या डोळ्यावर बेतलं आहे त्याच्या कानाशी बसून मी हे वाचू? आणि ती त्या फटीत तोंड घालून ऐकेल, तोंड फिरवायचीही सोय नाही? नाही जमणार. बिलांना मारतो तो स्टेपलर उचलला आणि त्या कवीची सगळी पानं एकमेकांना पिना मारून बंद केली. वरून, बाजूनं, खालून. कवीची माफी मागितली. म्हटलं, तुमचं दुःख मोठं आहे महाराज, पण सध्या माझ्या घरात जागा नाही.

१४ जुलै

नाटकवाल्यानंतर एकदम पुढे जाऊन फुलवाला वाचला. हा डोंगर, तळी, फुलं यांचं लिहायचा. गावच्या माणसांच्या साध्या बोलीत कविता लिहायची म्हणून त्यानं हट्ट धरला, असं पुस्तक म्हणते. माणूस बरा वाटला.

रक्षानं विचारलं, "बाबा, नाटकवाल्यानंतर हाच हाये?"

"हाच हाये."

"मधात कोनी नाई?"

"मधात कोनी नाई. मधात दीड-दोनशे वर्सं कोनी कायीच लेयलं नाई वाटते."

ती गोधडीत तोंड खुपसून हसल्यासारखी वाटली. खोकली असेल. पालथं पडून घसा धरतो.

२८ जुलै

पालथं झोपणं संपलं. देवा, तुझे उपकार. पोरगी उठून बसली, काळा चष्मा लावून ओसरीवर चहा प्याली. चेहऱ्यावर गोधडीचे वळ उठले आहेत. उजव्या डोळ्यानं तेलातून धूसर दिसते, पाण्याखालून पाहिल्यासारखं. वाचायला अजून मनाईच.

दुपारी जेवायला आलो तर ती पुस्तक मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून बोटं फिरवत होती. पिना बोटाला लागतात.

"काय करून राहिली वं?"

"कायी नाई. पुस्तकाचा वास घेऊन राहिली होती."

पुस्तक ठेवून दिलं बिचारीनं. थोडक्यात वाचलो. पुस्तक आता दुकानातच ठेवतो, संध्याकाळी सोबत आणतो.

१९ ऑगस्ट

लग्नवाली बाई चालू आहे. हिनं सगळ्या कादंबऱ्या लग्न जुळण्यावर लिहिल्या. घरातल्याच खोलीत बसून लिहायची, आणि दाराचा आवाज झाला की कागद झाकायची असं सांगतात. पुढे कादंबरी लिहिणाऱ्यांनी घरातल्या बोलण्याचालण्यातून माणूस कसा उभा करायचा, ते हिच्याकडून उचललं.

ज्योत्सना आजकाल भाजी निवडायला आमच्याजवळच येऊन बसते. रक्षा मराठीत समजावून सांगते ते तिला ऐकायचं असते.

"अन् तिचं सोताचं लग्न?" तिनं विचारलं.

"नाई केलं," रक्षा म्हणाली.

"साऱ्यायचे जुळवले अन् सोता नाई केलं?" ज्योत्सनानं भेंडीचं डेख मोडलं. "हुशार होती."

आणि माझ्याकडे पाहिलं. यात माझ्याकडे पाहायचं काय काम होतं, ते सांगितलं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मला आता थोडं थोडं समजायला लागलं आहे. काल एक पूर्ण वाक्य रक्षानं सांगायच्या आधीच लागलं. तिला बोललो नाही. दुकानात एकटाच ते वाक्य दोन-तीनदा म्हणत होतो, तर गिऱ्हाईकाला वाटलं त्यालाच काही म्हणतो आहे.

१६ सप्टेंबर

नागपूरला तपासणी. डोळ्यातला दाब वाढला आहे. थेंब बदलले. डॉक्टरीणबाई पहिल्यासारख्या हसल्या नाहीत.

येताना गाडीत रक्षा खिडकीला टेकून होती. उमरेड गेल्यावर म्हणाली, "बाबा, तेल काढल्यावर नाई दिसलं तं?"

मी म्हटलं, "दिसनारच."

"तुमाले कसं माहीत?"

"मले माहीत हाये."

मला काही माहीत नाही. साफ खोटं बोललो. माझ्या खिडकीकडे तोंड करून भातशेती पाहात बसलो, धान कसं उभं आहे, कुठं रोग पडला आहे. सवय आहे म्हणून पाहिलं, एकही बांधी आठवत नाही. घरी आल्यावर पाय धुतले आणि नेहमीच्या वेळी पुस्तक उघडलं. कारखान्यातला पोरगा चालू आहे. बाप तुरुंगात, म्हणून लहानपणी याला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला लावलं. ते तो जन्मभर विसरला नाही. त्यानं लिहिलं तेव्हा लोकांना गरिबाचं पोर दिसायला लागलं, आधी दिसतच नव्हतं म्हणे. वाचताना माझा आवाज फाटला. रक्षा म्हणाली, "राहू द्या बाबा आज." मी म्हटलं, "नाई, पान पुरं करू."

हे लेखक नसते तर आजच्या संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी काय बोललो असतो, देव जाणे. मेलेली माणसं, ना नात्याची ना गोत्याची. त्यांचे आभार कुठं जाऊन मानायचे?

९ ऑक्टोबर

परीक्षेला लेखनिक मिळतो. रक्षा सांगेल, तो लिहील. मी कॉलेजात जाऊन म्हटलं, मीच लिहितो की, तीन महिने तेच तर करून राहिलो. बाबू म्हणाले, नातेवाईक चालत नाही. मला राग आला. एवढं वाचलं कोणी? मग शांत झालो. माझं स्पेलिंग पाहिलं असतं तर रक्षा नापासच झाली असती.

केवळरामची सरिता बारावीला आहे, अक्षर मोत्यासारखं. तिनं एका शब्दात हो म्हटलं. केवळरामला म्हटलं, "तुया पोरीचा अभ्यास बुडंल." तो म्हणाला, "लिलाधरभाऊ, पऱ्हे देल्ले तवा तुमी माया हिशेब केल्ता का?" मी त्याला चहा पाजला.

रोज संध्याकाळी दोघी बसतात. रक्षा बोलते, सरिता लिहिते. पण घोटाळा असा झाला की माझी नावं दोघींच्या तोंडी बसली. काल रक्षा उत्तर सांगताना "फुलवाला" बोलून गेली आणि सरितानं ते इंग्रजी अक्षरांत लिहूनही टाकलं. मला म्हणतात, काका, तुमच्यानं आमी पडनार.

४ नोव्हेंबर

आज गावची मंडई, म्हणजे जत्राच. दिवाळीनंतर प्रत्येक गावाची ठरलेली असते, पाहुणेरावळे येतात, दिवसा दंडारीचे नाच-सोंगांचे खेळ होतात, दुकानं लागतात. सकाळपासून घरात पंचवीस माणूस. ज्योत्सनाचा पाय ठरत नव्हता.

पाहुण्यांत ज्योत्सनाची चुलतबहीण विमलाबाई आली. रक्षा काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती, दंडारीचे ढोल ऐकत. विमलाबाईनं सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारलं, "अवं माय, पोरगी आंधळी झाली म्हंतेत, खरं का?"

माझ्या हातात ताटं होती, ती मी खाली आपटली. जे तोंडाला आलं ते बोललो. पाहुणी आहे, मोठी आहे, काही पाहिलं नाही. चार महिने ज्या शब्दाला मी दारात पाय ठेवू दिला नाही, तो ही बाई चपलांसकट घेऊन घरात येते!

रक्षानं माझा हात धरून मला खाली बसवलं. मग आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "मावशी, आंधळी अजून नाई झाली. झाली तं तुमाले पयले सांगन. चाय घ्या."

लोक हसले. विमलाबाई पण हसली, चहा प्याली.

काय धीर आहे पोरीचा! मनातून तिला किती लागलं असेल. माझ्यासाठी तिनं तसं दाखवलं नाही, एवढं मला कळते. ती पानं बंद केली ते बरंच केलं.

२६ नोव्हेंबर

सगळे झोपल्यावर लिहितो.

आज इतिहासाचा पेपर होता, तोच, ज्याचं मी वाचलं. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभा. पेपर सुटला. सरिता आधी बाहेर आली, रक्षा मागे मॅडमशी बोलत होती.

"कसा गेला?"

"मस्त काका! फक्त ताईनं एकदा 'लग्नवाली बाई' म्हटलं अन् मले हासू आलं, तं सर डोळे वटारून पाहात होते."

"मोठा प्रश्न काय आला?"

"तो नाई का काका, एक आंधळा कवी. त्याचा पुढच्या कवींवर प्रभाव. सक्तीचा होता, सोडता नाई आला."

मी तिथंच ओट्यावर बसलो. अख्ख्या पुस्तकातून तोच. मी सोडलेला तोच. देवा, पोरीनं पाच महिने माझ्या भरवशावर काढले आणि मी तिच्या पुढ्यातलं ताट झाकून ठेवलं.

"मंग? लेयलं का तिनं?"

"हो ना. बहुत लेयलं. पुरवणी घेतली. त्यात तिनं पऱ्ह्यांचं पन सांगतलं, धानाचे पऱ्हे असतेत तसं, येकाच्या वाफ्यातून दुसऱ्याच्या बांधीत. मले पऱ्ह्याचं इंग्रजीच नाई आलं, तिनंच सांगतलं."

म्हणजे माहीत नव्हतं म्हणून पऱ्हे घालून पानं भरली बिचारीनं. तपासणाऱ्याला काय समजणार आसगावचे पऱ्हे? लाल रेघ मारेल. सरिताला तसं बोलूनही गेलो.

रक्षा आली. "बाबा, भूक लागली, आलूबोंडे खाऊ." खाताना खूष दिसत होती. पेपर चांगला गेला म्हणाली. माझं मन राखायला म्हणते आहे. मी माझी प्लेट सरिताकडे सरकवली.

६ डिसेंबर

दहा दिवस झाले, सांगायची हिंमत होत नाही. ज्योत्सनाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगा ना तिले. मले कायले सांगता?" आणि पोळी लाटत राहिली. तिला नवल वाटलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

परवा तेल काढायचं आहे. या ओझ्यासकट तिला आत पाठवू शकत नाही.

८ डिसेंबर, नागपूर

सांगितलं. सकाळी ऑपरेशनचे हिरवे कपडे घालून खाटेवर बसली होती, डोळ्यात थेंब घालून. मी पुढे बसलो आणि सगळं एका दमात बोललो. कवी, स्टेपलर, पिना, सगळं. मधात कोणी नाही असं खोटं बोललो ते पण. म्हटलं, "तुया पेपर मी घालवला. मले माफ कर बेटा."

रक्षा हसायला लागली. इतकी हसली की नर्स आली, म्हणाली, डोळ्यावर ताण नको.

"बाबा, बी.ए.ले तोच तं होता आमाले, पूर्ण वर्षभर. तोंडपाठ हाये मले. तुमी फुलवाला वाचाले घेतला, तवाच समजलं मले. मंग पिना लागल्या बोटाले."

"आईले माहीत होतं?"

"मीच सांगतलं होतं. म्हटलं बोलू नको."

"मंग तू बोलली काहून नाई? येवढे दिवस?"

ती हसायची थांबली. माझा हात चाचपून धरला. "तुमाले ते वाचवत नव्हतं बाबा. मले आयकता आलं असतं. तुमी तयार व्हाचीच वाट पाहात होती मी."

पाच महिने मला वाटत होतं की मी तिला जपतो आहे.

तेवढ्यात चाकाची गाडी आली. जाताना म्हणाली, "अन् पऱ्ह्यांचं मी पानं भराले नाई लेयलं. ते तुमच्यापासून शिकली, मून लेयलं." सरितानं सगळं सांगितलं होतं म्हणजे तिला.

दार बंद झालं. आता बसलो आहे, तोच बाक.

दुपारी: तेल काढलं. पडदा जागेवर आहे म्हणतात. पट्टी आहे. "सध्या तरी बसलेला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्या दोन पावलं मागे सरल्या, लाजल्या. माझ्या लेकीएवढ्या आहेत. तरी पडलोच असतो.

११ जानेवारी, आसगाव

काल नागपूरला शेवटची मोठी तपासणी झाली. भिंतीवरच्या पाटीवर वरून अक्षरं वाचत वाचत रक्षा खाली आली. सगळ्यात खालच्या दोन ओळी नाही आल्या. बाई म्हणाल्या, त्या नाही आल्या तरी चालेल, पडदा घट्ट बसला आहे. नवीन चष्मा दिला. वाचायचं, पण सुरुवातीला रोज दहा मिनिटं. येताना तिनं रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या, पंक्चरवाल्याचीसुद्धा. ज्योत्सना पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसत होती. आमच्या नशिबात हे होतं, कोणाकोणाचे उपकार मानू? केवळरामचे, सरिताचे, त्या डॉक्टरीणबाईचे. विमलाबाईनं पण नवस केला होता म्हणे. तिला जाऊन हात जोडतो.

आज संध्याकाळी नेहमीच्या वेळी पुस्तक घेऊन बसलो. रक्षा म्हणाली, "पुस्तक मले द्या. अन् स्टेपलरच्या मागची ती पिना काढाची चीज आना."

एक-एक पिन तिनंच काढली. पानांना भोकं पडली आहेत. मग म्हणाली, "बाबा, आज मी वाचते. तुमी चष्मा काढा, डोळे मिटा."

माझ्या लेकीला पहिल्यांदा दहा मिनिटं वाचायला मिळालं, आणि ते तिनं मला वाचून दाखवण्यात घालवलं. मी डोळे मिटून बसलो. ती इंग्रजी वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. डोळे गेल्यावरच त्यानं सगळ्यात मोठं काव्य केलं. मनात रचायचं आणि जो कोणी जवळ असेल त्याला सांगून लिहून घ्यायचं. पुढच्या शेकडो कवींनी त्याच्या वाफ्यातून पऱ्हे नेले. मी मध्येच म्हटलं, फुलवाल्यानंही? ती म्हणाली, त्यानं तर ओंजळ भरभरून. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि मी त्याला सहा महिने पिना मारून ठेवला होता.

मग म्हणाली, "बाबा, हे आयका. त्याले पोरी होत्या. त्या बापाले पुस्तकं वाचून दाखवत. त्याले पाह्यजे होती ती पुस्तकं दुसऱ्याच भाषेतली, अन् पोरींले ती भाषा समजत नव्हती. नुसते अक्षरं वाचत होत्या, बापाले आयकू जावं मून."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पाणी दिसलं असतं.

"त्या बहुत कटाळल्या होत्या म्हंतेत," रक्षा म्हणाली. "तुमी कटाळले का बाबा?"

"नाई वं," मी म्हटलं. "मले तं आता संपलं मून वाईट वाटून राहिलं."

दहा मिनिटं झाली म्हणून आतून ज्योत्सनानं हाक मारली. रक्षानं चष्मा काढून खाली ठेवला, जिथवर वाचलं तिथं बोट धरलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर दिलं. खाटेवर पालथी पडली, सवय झाली आहे.

मी माझा चष्मा लावला, तिनं बोट धरलेली ओळ शोधली आणि तिथून पुढे वाचायला लागलो.